खंडकऱ्यांच्या जमिनीची गोष्ट

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूर भागात खंडकऱ्यांचा, म्हणजे साखर कारखान्यांना जमीन खंडाने (भाड्याने) दिलेल्या शेतकऱ्यांचा, विषय निघाला की बोलणं थेट पाटाच्या पाण्यापर्यंत जातं. त्याआधी हा सगळा पट्टा जिरायती होता. बाजरी नाहीतर ज्वारी, तीही पाऊस झाला तर. 1876-77 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी इंग्रज सरकारला धरणांकडे वळवलं. अकोले तालुक्यात प्रवरेवर बांधलेलं भंडारदरा धरण 1926 मध्ये पुरं झालं. धरणातून सोडलेलं पाणी ओझरच्या बंधाऱ्यावर अडवून डाव्या-उजव्या कालव्यांनी शेतात पोहोचू लागलं.

पाणी आलं, पण ते वापरायला भांडवल लागत होतं. ऊस शेतात वर्षभराहून जास्त राहतो. बेणं, पेंड, पाणीपट्टी, मजुरी हे सगळं आधी घालायचं आणि पैसा हाती यायचा तो तोडणीनंतर. सावकाराच्या कर्जात आधीच रुतलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे झेपणारं नव्हतं. नेमक्या त्याच सुमारास खासगी साखर कारखाने आले: 1920 च्या दशकात हरेगावला बेलापूर कंपनी, 1930 च्या दशकात टिळकनगर. त्यांना सलग जमीन हवी होती. शेतकऱ्यांनी ती लांब मुदतीच्या खंडाने दिली. मालकी आपलीच राहते, मुदत संपली की रान परत येईल, हाच त्यामागचा हिशेब होता, आणि त्यात गैर काहीच नव्हतं.

तो हिशेब 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्याने मोडला. कारखान्यांकडची हजारो एकर जमीन सरकारने घेतली. त्या जमिनीचे तुकडे पडून ऊस कमी होऊ नये, म्हणून 1963 मध्ये राज्य शेती महामंडळ स्थापन करून ती त्याच्याकडे सोपवली. मोठ्या जमीनदारीला लगाम घालणारा हा कायदा मला आवश्यकच वाटतो. पण खंडाने दिलेलं रान त्यात गेलं, तेव्हा त्याची झळ बसली ती ज्याच्याकडे मुळात थोडीच जमीन होती त्याला.

त्याआधीच शेजारी वेगळं काही घडलं होतं. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी शेअर गोळा करून प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला. त्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. तिथल्या सभासदाचं रान त्याच्याच नावावर राहिलं.

खंडकऱ्यांना मात्र जमीन परत मिळावी म्हणून मोर्चे काढावे लागले, कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. जमीनवाटप प्रत्यक्ष सुरू व्हायला 2012 उजाडलं. तोवर खंड लिहून देणारी पिढी गेली होती. नातवंडा-पतवंडांना वारसनोंदी लावून, जुने उतारे काढून आपला हक्क सिद्ध करावा लागला.