फरशीखाली गोठलेले पाणी : दोष कोणाचा?

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात थंडीची लाट आली की पारा उणे 30 अंशांच्याही खाली जातो. एडमंटन आणि कॅलगरी परिसरातील काही नव्या घरांत तळघराच्या किंवा गॅरेजच्या काँक्रीटमध्येच पेक्स नावाच्या चिवट प्लास्टिकच्या नळ्या पुरलेल्या असतात आणि बॉयलरमध्ये तापवलेले 30 ते 45 अंशांचे पाणी पंपाच्या साहाय्याने त्यांतून सतत फिरत असते. पायाखालून येणारी ही ऊब मोठी सुखाची असते. मात्र नळीतले पाणी एकदा गोठले, की नव्या घराचा मालक आणि बिल्डर यांच्यात वाद सुरू होतो. हा वाद सोडवण्याची सुरुवात करारापासून करण्याऐवजी पाणी नेमके कुठे आणि केव्हा गोठले या प्रश्नापासून करावी, कारण बऱ्याचदा उत्तराचा मोठा भाग तिथेच सापडतो.

पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते, हे आपण शाळेत शिकतो आणि त्यावरून बर्फाने आतून रेटा दिल्यामुळे नळी फुटते अशी समजूत करून घेतो. प्रत्यक्षात घडते ते थोडे वेगळे असते. स्थिर पाणी शून्य अंशाला लगेच गोठत नाही. ते काही अंश खाली जाऊनही द्रवरूपच राहते आणि मग त्यात एकाएकी फांद्याफांद्यांचे बर्फस्फटिक पसरतात. अल्बर्टा विद्यापीठातील संशोधक आर. आर. गिल्पिन यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिले, की फारच थोड्या पाण्याचा बर्फ झालेला असला तरी हे स्फटिकांचे जाळे प्रवाह अडवू शकते. पुढे बर्फाचा बोळा वाढत जातो आणि त्याच्यापलीकडचे पाणी बंद व्हॉल्व्हच्या दिशेने रेटले जाते. कोंडलेल्या पाण्याला वाट न मिळाल्यास दाब प्रचंड वाढतो. पेक्सची नळी ताणली जाऊन बऱ्याचदा तग धरते, पण पितळी जोड आणि मॅनिफोल्ड (सगळ्या नळ्या जिथे एकत्र जोडलेल्या असतात तो भाग) तडकतात. त्यामुळे गळती एकीकडे दिसते आणि मूळ दुखणे कित्येक मीटर दूर, फरशीखाली असते.

गोठलेल्या जागेचा शोध थर्मल कॅमेऱ्याने, फरशी न फोडता घेता येतो. सगळी फरशी उबदार आणि गॅरेजच्या दारालगतची पट्टी तेवढी गार, असे चित्र दिसल्यास संशय बांधकामावरच जातो. काँक्रीट हे इन्सुलेशनसाठी, म्हणजे उष्णता अडवण्यासाठी, वापरल्या जाणाऱ्या पॉलिस्टायरीनच्या सुमारे पन्नासपट उष्णतावाहक असते. स्लॅबची कड इन्सुलेशनविना उघडी सोडली किंवा तोच स्लॅब दाराबाहेर सलग नेला, तर आतली उष्णता कडेकडेने बाहेर निघून जाते. नळी अशा कडेला चिकटून टाकलेली असेल, तर पंप थोडा वेळ थांबला तरी पहिला बर्फ तिथेच धरतो.

वेळेचा पुरावा याहूनही बोलका असतो. गळती तपासण्यासाठी नळ्यांमध्ये पाणी भरून दाब दिला जातो. बांधकाम हिवाळ्यात रेंगाळले आणि बॉयलर अजून बसलेला नसला, तर हे पाणी आत तसेच राहते. आडव्या वेटोळ्यांतून ते आपोआप वाहून जात नाही, कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून काढावे लागते. ताबा देण्यापूर्वीच ते असे आत राहून गोठले असेल तर मालकाकडे बोट दाखवण्यात काही अर्थ नाही. याउलट ताबा घेतल्यावर भर जानेवारीत थर्मोस्टॅट (घराचे तापमान राखणारे यंत्र) बंद करून महिनाभर भारतात गेलेल्या मालकाला (अशी मराठी कुटुंबेही असतीलच) बिल्डरकडून भरपाई मिळणे कठीण.

अल्बर्टात 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू असलेल्या कायद्यानुसार नव्या घरावर वॉरंटी बंधनकारक आहे: कारागिरी आणि साहित्यासाठी किमान 1 वर्ष, हीटिंग व प्लंबिंगच्या यंत्रणांसाठी 2, बाह्य आवरणासाठी 5 आणि मुख्य ढाच्यासाठी 10 वर्षे. मालकाच्या हयगयीने झालेले नुकसान अशा संरक्षणात सहसा धरले जात नाही. मधली प्रकरणे अवघड असतात. वीज गेली, पंप थांबला आणि नेमके कडेचेच वेटोळे गोठले, तर निमित्त विजेचे असले तरी माझ्या मते मूळ दोष उघड्या कडेचा ठरतो, कारण त्याच स्लॅबमधली बाकीची वेटोळी त्याच रात्री शाबूत राहिलेली असतात.

गोठलेल्या फरशीतला बर्फ वितळवायलाही घाई चालत नाही. अर्ध्या इंची नळीच्या 90 मीटरच्या वेटोळ्यात जेमतेम 10 लिटर पाणी असते आणि त्याचा सगळा बर्फ वितळवायला एक युनिटहूनही कमी वीज पुरेल. पण भोवतालचा 20 चौरस मीटरचा, 10 सेंटिमीटर जाडीचा स्लॅब सुमारे 4,800 किलो वजनाचा असतो; तो उणे 10 वरून शून्यावर आणायलाच सुमारे 12 युनिट लागतात, आणि वाटेत निसटणारी उष्णता वेगळी. म्हणून वरून ताडपत्री किंवा इन्सुलेशनचे पत्रे टाकून, खोली तापवून, एक-दोन दिवस वाट पाहावी लागते. गॅसची ज्योत मारू नये. तिने नळी वितळते आणि काँक्रीटचे टवके उडतात.

धोका असलेल्या ठिकाणी पाण्यात प्रोपिलीन ग्लायकॉल हे गोठण रोखणारे रसायन मिसळतात. त्याचे 30 टक्के द्रावण सुमारे उणे 13 अंशांपर्यंत, तर 50 टक्के द्रावण उणे 33 च्या आसपासपर्यंत न गोठता टिकते; मात्र ते घट्ट असल्याने पंपावर ताण येतो आणि उष्णताही थोडी कमी वाहते. ताबा घेताना हे प्रमाण, काँक्रीट ओतण्यापूर्वी काढलेली नळ्यांची छायाचित्रे आणि दाबचाचणीची तारीख बिल्डरकडून लेखी मागून घ्यावी. थर्मोस्टॅटची नोंद मात्र मालकाने स्वतः जपायची असते.