तीस वर्षं ग्रह म्हणून वावरलेला तारा

१९८९ साली डेव्हिड लॅथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अरुंधतीकेश तारकासमूहातल्या एचडी ११४७६२ या ताऱ्याच्या वर्णपटातल्या रेषा दर ८४ दिवसांनी मागेपुढे सरकताना आढळल्या. कुणीतरी त्याला ओढत होतं. या न दिसणाऱ्या सोबत्याचं वस्तुमान निघालं किमान ११ गुरू ग्रहांइतकं.

यातला 'किमान' फार महत्त्वाचा. या पद्धतीत ताऱ्याची आपल्या दिशेनं किंवा उलट दिशेनं होणारी हालचाल तेवढी कळते. सोबत्याची कक्षा डोळ्यांसमोर आडव्या धरलेल्या ताटासारखी, म्हणजे कडेनं दिसत असेल, तर हिशेब बरोबर येतो. तेच ताट वरून दिसत असेल, तर भलं मोठं धूडही हलकं भासतं. लॅथम यांनी सावधपणे त्याला 'बहुधा तपकिरी बटू', म्हणजे ग्रहाहून जड पण तारा व्हायला कमी पडलेला गोळा, म्हटलं. पुढे १९९५ मध्ये ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याचा ग्रह सापडला आणि मग ११ गुरूंचा हा सोबतीही अनेकांनी ग्रहांत मोजला.

मग ग्रह आणि जोडतारा (ताऱ्याचा सोबती असलेला दुसरा तारा) यांत फरक कसा करायचा? कक्षेचा आकार फारसा कामाला येत नाही. जोडताऱ्यांच्या कक्षा लांबट असतात हे ठाऊकच होतं, पण एचडी ८०६०६ बी हा ग्रहसुद्धा जवळपास धूमकेतूसारखा फिरतो. त्याच्या कक्षेची विकेंद्रितता, म्हणजे लांबटपणाचं माप (वर्तुळाला शून्य), ०.९३ आहे! वस्तुमान जास्त बोलकं. सूर्यासारख्या ताऱ्यांच्या जवळ साधारण १३ ते ८० गुरूंएवढे सोबती फारच थोडे सापडतात. या ओसाड पट्ट्याच्या अलीकडे ग्रहांची गर्दी, पलीकडे ताऱ्यांची. दोघांचा जन्मच वेगळा, म्हणून ही दरी. जोडतारे वायूचा ढग आकसताना तुटून होतात, तर ग्रह ताऱ्याभोवतीच्या चकतीत धूळ साचत साचत वाढतात.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो लोखंडाचा पुरावा. मोठे ग्रह लोहसमृद्ध ताऱ्यांभोवती जास्त आढळतात, कारण तिथे घडणीला माल भरपूर असतो. एचडी ११४७६२ मध्ये मात्र सूर्याच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकंच लोखंड. अशा ठिकाणी ११ गुरूंचा ग्रह? शंका घ्यायला जागा होती.

अखेर उत्तर गाया या अवकाश दुर्बिणीकडून आलं. तिनं ताऱ्याचं आकाशातलं डुलणं मोजलं आणि २०१९ मध्ये त्यावरून सोबत्याचं वजन निघालं: सुमारे शंभर गुरू किंवा त्याहून जास्त. म्हणजे तो एक मंद लाल तारा निघाला. ताट जवळजवळ वरूनच दिसत होतं.