चौकटीत कोणता अंक?

‘गुणाकार दिसला की भागा, भागाकार दिसला की गुणा’ हा मंत्र मुलांकडून सर्रास पाठ करून घेतला जातो. □ × 6 = 84 ला तो चालतो, □ ÷ 6 = 14 लाही. पण 84 ÷ □ = 14 आलं की मूल 84 ला 14 ने गुणतं आणि 1176 लिहून मोकळं होतं. चूक मंत्राची आहे.

सोलापूरकरांना चादरी सांगायला नकोतच. 84 चादरी, गठ्ठ्यात 6, गठ्ठे 14. एकूण चादरी झाकल्या तरच गुणायचं. उरलेल्या दोनांपैकी काहीही झाकलं तरी एकूणला भागायचं. भागाकारात हे एकूण म्हणजे भाज्य, आणि ते चिन्हाच्या आधी येतं. बाकी असेल तर ती शेवटी मिळवायची: □ ला 7 ने भागून भागाकार 5, बाकी 3, तर 35 + 3 = 38.

खरी गंमत उभ्या मांडणीत अंकच गळतात तेव्हा. 4□ × 7 = 3□6 घ्या. सुरुवात एककापासून. सातच्या पाढ्याचे शेवटचे अंक 7, 4, 1, 8, 5, 2, 9, 6, 3, 0. एकही पुन्हा येत नाही, 6 फक्त आठव्या पायरीला. म्हणून 48. सात आठे छप्पन्न, हातचे 5; 28 + 5 = 33; उत्तर 336. हातचा विसरला तर 286 येतं आणि शतकस्थानचा 3 जुळत नाही.

आता 3□ × 4 = 1□2. इथे 33 × 4 = 132 आणि 38 × 4 = 152, दोन्ही बरोबर! उत्तरसूचीत एकच छापलेलं असलं तरी दुसऱ्याचे गुण कापू नयेत.

असं का? दोन अंकांना 4 ने गुणून शेवटचा अंक सारखाच आला, तर त्यांच्यातला फरक × 4 याला 10 ने भाग जायला हवा. 10 म्हणजे 2 × 5. त्यातला 2 चारमध्येच आहे, तेव्हा फरकात 5 असला की भागतं: 3 आणि 8. सातमध्ये ना 2, ना 5. फरकच 10 च्या पटीत लागेल, आणि 0 ते 9 मधल्या दोन वेगळ्या अंकांत तो मिळत नाही. (7 ‘शुभ’ असल्याचा इथे काही संबंध नाही. 3 आणि 9 देखील असेच वागतात.) गुणक 5 असेल तर मात्र शेवटी 5 किंवा 0 एवढंच, प्रत्येकी पाच पर्याय.

गणित तयार करताना गुणक 4 च हवा असेल तर 2□ × 4 = 1□2 द्या. 23 × 4 = 92 दोनच अंकी, म्हणून बाद; उरतं 28 × 4 = 112.