पूरनकाशा बदलून घर पूरक्षेत्रात आले तर: अमेरिकेतील घरमालकांसाठी लोमा अर्ज, सर्वेक्षण आणि पूरविमा

न्यू जर्सी, टेक्सस किंवा अमेरिकेच्या अन्य राज्यांत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना कधी कधी गृहकर्ज देणाऱ्या बँकेचे पत्र येते, की नव्या पूरनकाशानुसार आपले घर विशेष पूरधोक्याच्या क्षेत्रात मोडते, म्हणून ४५ दिवसांत पूरविमा घ्यावा. या मुदतीत विमा घेतला नाही, तर बँक स्वतः विमा काढून त्याचा खर्च कर्जदाराकडून वसूल करू शकते आणि असा विमा बहुधा महाग पडतो. अशा वेळी दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात: नकाशा काय दाखवतो आणि आपल्या घराभोवतीची जमीन प्रत्यक्षात किती उंच आहे.

हे नकाशे फेमा ही आपत्ती व्यवस्थापनाची संघीय संस्था काढते. त्यांवर ए किंवा व्ही या अक्षरांनी सुरू होणाऱ्या विभागांत, म्हणजेच विशेष पूरधोक्याच्या क्षेत्रात, कोणत्याही एका वर्षी पूर येण्याची शक्यता किमान १ टक्का धरलेली असते. हा आकडा किरकोळ वाटतो, परंतु ३० वर्षांच्या कर्जाच्या काळात ती शक्यता सुमारे २६ टक्के होते. ‘शंभर वर्षांतला पूर’ या शब्दप्रयोगामुळे एकदा पूर येऊन गेला की पुढची शंभर वर्षे निर्धास्त, असा समज होतो. तो साफ चुकीचा आहे.

नवा नकाशा एका रात्रीत लागू होत नाही. आधी प्राथमिक नकाशा प्रसिद्ध होतो आणि हरकतींसाठी ९० दिवस मिळतात. हरकत स्थानिक प्रशासनामार्फत द्यायची असते आणि तिला मोजमापाचा किंवा तांत्रिक आधार लागतो. ‘आमच्याकडे कधी पाणी आले नाही’ एवढे म्हणणे पुरत नाही. हरकतींचा निकाल लागून अंतिम निर्णयाचे पत्र निघाल्यावर साधारण ६ महिन्यांनी नकाशा लागू होतो. सर्वेक्षण करून घेण्यासाठी आणि विम्याची चौकशी करण्यासाठी हाच काळ सर्वांत सोयीचा असतो.

घर नैसर्गिकरीत्या उंच जमिनीवर असूनही नकाशाच्या लहान प्रमाणामुळे पूरक्षेत्रात दिसत असेल, तर मालकाला नकाशा दुरुस्तीच्या पत्रासाठी, म्हणजे लोमासाठी, अर्ज करता येतो. यासाठी मुख्य अट अशी, की इमारतीला टेकलेल्या जमिनीचा सर्वांत खालचा बिंदू त्या ठिकाणच्या पायाभूत पूरपातळीइतका (म्हणजे १ टक्का शक्यतेच्या पुराचे पाणी जिथवर चढेल त्या उंचीइतका) किंवा तिच्याहून उंच असावा. घराला जोडलेल्या डेकचे खांब आणि पायऱ्या यांच्या तळाची जमीनही यात धरतात. मागच्या अंगणातला उतार येथेच नडतो. संपूर्ण भूखंड क्षेत्राबाहेर काढायचा असेल, तर भूखंडाचा सर्वांत सखल बिंदू विचारात घेतला जातो. भराव टाकून जमीन उंच केलेली असल्यास अर्जाचा प्रकार वेगळा असतो; त्याला शुल्क पडते आणि स्थानिक प्रशासनाची संमतीही लागते. साध्या लोमासाठी फेमा शुल्क घेत नाही. खर्च येतो तो सर्वेक्षणाचा.

एका घरासाठी एमटी-ईझेड हा अर्ज वापरतात किंवा तो ऑनलाइन भरता येतो. सोबत नोंदणी कार्यालयाचा शिक्का असलेले खरेदीखत किंवा भूखंडाचा नोंदणीकृत नकाशा, मिळकतीचे स्थान दाखवणारा नकाशा, पूरनकाशाच्या संबंधित भागाची प्रत आणि परवानाधारक भूमापकाने किंवा अभियंत्याने प्रमाणित केलेली उंचीची माहिती जोडावी. सर्व कागद पूर्ण पोहोचल्यावर फेमाचा निर्णय सहसा ६० दिवसांत येतो.

भूमापकाला काम देताना एक प्रश्न आवर्जून विचारावा: उंची कोणत्या आधारपातळीवरून, म्हणजे कोणती पातळी शून्य धरून, मोजणार? जुने नकाशे १९२९ च्या, तर नवे बहुतांशी १९८८ च्या आधारपातळीवर असतात आणि काही ठिकाणी दोहोंत फुटांचा फरक पडतो. उंचीच्या जुन्या प्रमाणपत्रातला आकडा नव्या नकाशातल्या पूरपातळीशी तसाच ताडून पाहिला, तर निष्कर्ष उलटा निघू शकतो. त्याचप्रमाणे, घर घेताना केलेल्या हद्दीच्या सर्वेक्षणावर पूरविभाग लिहिलेला असला, तरी तो बहुधा नकाशावर नजर टाकून नोंदवलेला असतो, उंची मोजून नव्हे. पूर्वी लोमा मिळालेल्यांनीही नवा नकाशा लागू होताना ते पत्र पुन्हा वैध ठरवले गेले आहे का, हे तपासावे.

लोमा मिळाल्यावर विम्याची संघीय कायद्याने घातलेली सक्ती उठते, परंतु बँक आपल्या अधिकारात विमा मागू शकते. मला विचाराल, तर सक्ती उठली तरी विमा सोडू नये. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसाने रॅरिटन नदीकाठचे मॅनव्हिल हे गाव कसे बुडाले, हे न्यू जर्सीतल्या लोकांनी पाहिले आहे. सरकारच्या राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रमातून राहत्या घराच्या इमारतीला २,५०,००० आणि सामानाला १,००,००० डॉलरपर्यंत संरक्षण मिळते. मात्र सजवलेल्या तळघरातल्या भिंती, फरशी आणि सामान यांना ते फारसे लागू होत नाही.

ऑक्टोबर २०२१ पासून नव्या पॉलिसीचा हप्ता पूरविभागाच्या अक्षरावरून ठरत नाही, तर पाण्यापासूनचे अंतर, उंची आणि पुनर्बांधणीचा खर्च यांवरून ठरतो. उंचीचे प्रमाणपत्र आता बंधनकारक नाही. पण दिल्यास आणि ते अनुकूल असल्यास हप्ता कमी होतो. घर नव्याने पूरक्षेत्रात आले असेल, तर नकाशा लागू झाल्यापासून १२ महिन्यांत विमा घेतल्यास सवलतीचा हप्ता मिळतो आणि पुढे तो दरवर्षी टप्प्याटप्प्याने वाढतो. एरवी पॉलिसी लागू होण्यास ३० दिवस लागतात, त्यामुळे वादळाचा इशारा आल्यावर घेतलेला विमा त्या वादळात उपयोगी पडत नाही.