चर्चआधीचा झरा : आयर्लंडच्या खेड्यांतली जुनी भक्ती

आयरिश कॅथलिक म्हटलं की रविवारी गच्च भरलेलं चर्च डोळ्यांसमोर येतं. खेड्यापाड्यांपुरतं बोलायचं तर हे चित्र फार जुनं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथली भक्ती बरीचशी घरात आणि विहिरीवर चाले, आणि त्यासाठी पाद्री हवाच असं नव्हतं.

एक कारण कायद्याचं. १६९७ साली डब्लिनच्या प्रोटेस्टंट पार्लमेंटनं कॅथलिक बिशप आणि मठवासी साधूंना हद्दपार करायचं ठरवलं. पुढे १७०४च्या कायद्यानं पवित्र विहिरींवर जमणाऱ्यांना दहा शिलिंग दंड लावला; न भरल्यास फटके. चोरून होणाऱ्या मिस्सेला (पाद्र्यानं वेदीवर करायच्या कॅथलिक उपासनेला) माळावरचा एखादा सपाट खडकच वेदी व्हायचा.

लोक विहिरीवर जातच राहिले. गावच्या संताच्या दिवशी अनवाणी प्रदक्षिणा घालायच्या, त्या सूर्य फिरतो त्या दिशेनं. मोजणी चुकू नये म्हणून फेरीमागे एक खडा टाकायचा. शेजारच्या झाडाला चिंधी बांधायची. हे आटोपलं की फिडल, दारू आणि बऱ्याचदा लाठ्याकाठ्या! सरकारचं सोडा, खुद्द बिशपही या जत्रांवर वैतागत.

घरातली भक्ती मात्र शांत. रात्री घरधनीण पीटचे (दलदलीतून खणून वाळवलेल्या जळाऊ मातीचे) निखारे राखेखाली झाकताना मेरी आणि आयरिश संत ब्रिजिड यांच्या नावानं प्रार्थना पुटपुटे. ३१ जानेवारीला, ब्रिजिडच्या सणाच्या आदल्या रात्री, लव्हाळ्याचे क्रूस विणून दाराशी लावत.

हे सगळं बदललं ते १८४५ पासूनच्या महादुष्काळानं. १८४१ ते १८५१ या दहा वर्षांत लोकसंख्या ८२ लाखांवरून ६५ लाखांवर आली. मेले आणि परागंदा झाले ते प्रामुख्यानं गरीब, आयरिश बोलणारे, म्हणजे ही रीत जपणारेच. १८५० मध्ये आर्चबिशप पॉल कलेन यांनी थर्ल्सला धर्मपरिषद भरवली. बाप्तिस्मा, लग्न घराऐवजी चर्चमध्ये व्हावं असा आग्रह तिथून वाढला. इतिहासकार एमेट लार्किन यांनी १९७२ मध्ये याला ‘भक्तिक्रांती’ म्हटलं. नाव जरा भडकच. सधन शेतकरी दुष्काळाआधीच चर्चकडे वळू लागले होते.

घरोघरी पाळीनं होणाऱ्या ‘स्टेशन’ मिस्सेलाही थर्ल्सनं आवर घालून पाहिला. ती टिकली. पाळी आली की अख्ख्या घराला चुना लागे, स्वयंपाकघरातलं टेबल वेदी होई आणि मिस्सेनंतर पाद्र्यासकट शेजाऱ्यांना न्याहारी. पश्चिमेकडच्या काही गावांत ही पाळी अजून फिरते.