ओओपू: कातळ चढणारा मासा आणि उसाने तोडलेले ओढे

हवाई बेटांवर ओढ्याच्या पाण्यावरून वाद पेटला की एका बोटभर माशाचे नाव निघतेच: ओओपू. सरकारी सुनावण्यांत, न्यायालयात, अळूच्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात तो येत राहतो. याचे कारण त्याच्या जगण्याच्या रीतीत आहे.

हवाईत ओढ्यांचे म्हणावेत असे मूळचे मासे पाचच, आणि ओओपू हे त्या सगळ्यांचेच नाव. त्यांतले चार गोबी, म्हणजे आपल्या खाडीतल्या निवटीचे भाऊबंद. पाचवा त्यांचा नातलग. पोटाखालचे दोन पर जुळून गोबीला एक चकती तयार होते आणि तिच्या जोरावर तो धावत्या पाण्यातही दगडाला धरून राहतो. अंडी तो ओढ्यातच घालतो. पण अंड्यातून निघालेला जीव इतका बारीक असतो, की प्रवाह त्याला थेट समुद्रात नेतो. काही दिवसांत खारे पाणी मिळाले नाही तर तो मरतो. समुद्रात काही महिने काढून इंचभर झालेली पिल्ले नदीमुखांतून परत वर चढू लागतात. या पिल्लांना तिथे ‘हिनाना’ म्हणतात.

कोकणातले चढणीचे मासे पहिल्या पावसात अंडी घालायला वर येतात. ओओपूची पिल्ले वर येतात ती तिथे वाढायला, आयुष्य काढायला. आणि चढतात तरी किती! नोपिली नावाच्या जातीचे तोंड गोड्या पाण्यात शिरल्यावर सुमारे दोन दिवसांत खालच्या बाजूला सरकते. मग एकदा तोंडाने, एकदा पोटाच्या चकतीने असे आळीपाळीने चिकटत ती ओला कातळ चढते. ‘पिली’ म्हणजे चिकटणे. हा मासा खाल्ला की भाग्यही चिकटून राहते, अशी जुनी हवाईयन समजूत. अलामोओ तर सगळ्यांवर कडी करतो. हवाई बेटावरचा अकाका धबधबा सुमारे 135 मीटर उंच आहे आणि त्याच्या माथ्यावरच्या पाण्यातही हा मासा सापडतो.

एवढा कडा चढणाऱ्या माशाला अडवले ते कोरड्या पात्राने.

1875 साली हवाईच्या राज्याने अमेरिकेशी व्यापारी करार केला आणि हवाईची साखर अमेरिकेत विनाशुल्क जाऊ लागली. पाऊस पडतो डोंगराच्या ईशान्येच्या अंगाला. ऊस लागला पर्जन्यछायेतल्या सपाट, उन्हाळ जमिनीत. मग ओढेच वळवले गेले. माउई बेटावर 1876 ते 1878 या काळात पहिला मोठा कालवा झाला, ओआहू बेटावर 1913 ते 1916 मध्ये डोंगर पोखरून वायाहोले या खोऱ्यातले पाणी नेणारा. ओढ्यावर आडवा बांध, त्यावर जाळी, खाली कालवा. वर पाणी, खाली नुसते धोंडे. वरच्या डोहातला ओओपू जगत असे, अंडीही घालत असे. पण त्याची पिल्ले समुद्राऐवजी उसाच्या मळ्यात पोचत. खालच्या गावांतली अळूची वाफ्यांतली शेतीही त्याच पाण्यावर होती. हवाईयन भाषेत ‘वाई’ म्हणजे पाणी आणि ‘वाईवाई’ म्हणजे संपत्ती. त्या लोकांच्या ताटातले रोजचे अळू आणि ओओपू दोन्ही एकदमच आटले, ही या इतिहासातली मला सर्वांत दुखणारी गोष्ट वाटते.

1973 मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने वाहते पाणी मळेवाल्यांच्या मालकीचे नाही असे ठरवले. 1978 च्या घटनादुरुस्तीने पाणी ही लोकांसाठी राखायची ठेव मानली. 1990 च्या दशकाच्या मध्यात ओआहूवरचा साखरेचा मोठा मळा बंद पडला आणि वायाहोलेचे पाणी कुणाचे, हा प्रश्न उभा राहिला. 2000 साली त्याच न्यायालयाने ओढ्यात पाणी वाहते ठेवणे हाही या ठेवीचाच भाग असल्याचे सांगितले. पूर्व माउईतल्या अळू पिकवणाऱ्या कुटुंबांनी 2001 मध्ये 27 ओढ्यांसाठी अर्ज केला होता. तिथला ऊस 2016 मध्ये संपला आणि 2018 मध्ये जल आयोगाने अनेक ओढे पुन्हा वाहते करण्याचा आदेश दिला.

समुद्रातून परतणारे पिल्लू आपला जन्माचा ओढा शोधत नाही. सगळ्या बेटांची पिल्ले समुद्रात मिसळतात आणि गोड्या पाण्याची धार लागेल तिथे शिरतात. त्यामुळे शंभर वर्षे कोरड्या पडलेल्या ओढ्यातही, त्याचे पाणी समुद्राला मिळू लागले, की दुसऱ्या बेटावर जन्मलेले ओओपू चढू शकतात. आजची भांडणे आहेत ती याच धारेवरून: बारमाही किती पाणी सोडायचे, आणि ते कुणी मोजायचे.