जाड तार हा उपाय नव्हे

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या खाली राहणाऱ्या काकूंकडे जुना उभा पियानो आहे. गेल्या श्रावणात त्याची एक तार ‘टण्ण’ करून तुटली आणि एक नव्हे, शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांचा आवाज एकदम क्षीण झाला. काकू घाबरल्या. तार एक तुटली आणि बिघाड दोन पट्ट्यांत कसा?

पियानोत मधल्या आणि वरच्या स्वरांना प्रत्येकी तीन तारा असतात. पण बऱ्याच पियानोंत एकच लांब तार खालच्या खिळ्याला वळसा घालून परत वर येते आणि दोन तारांचं काम करते. तीन ही विषम संख्या, त्यामुळे काही वळशांचा एक पाय या स्वरात असतो, दुसरा पुढच्या स्वरात. काकूंची तुटलेली तार नेमकी तशी होती.

“आता जरा जाडच तार घालून घेऊ, म्हणजे पुन्हा कटकट नको,” काकू म्हणाल्या. कुणालाही पटेल असंच हे बोलणं. तरीही ते चूक आहे, आणि का चूक आहे ते मला फार सुंदर वाटतं.

मधल्या सप्तकातला ४४० हर्ट्झचा स्वर घ्या. त्याची तार साधारण ४० सेंटीमीटर लांब आणि १ मिलिमीटर जाड असते. तेवढ्या लांबीत तो स्वर मिळवायला ती सुमारे ७८ किलोच्या ताणाने ओढावी लागते. आता १.१ मिलिमीटरची तार लावा. छेदाचं क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढलं, म्हणून ताकद तेवढी वाढली. पण तारेचं वजनही तेवढंच वाढलं, आणि जड तारेकडून तोच स्वर काढायला ताणही २१ टक्के जास्त लागतो, म्हणजे जवळजवळ ९४ किलो. दोन्ही तारांत दर चौरस मिलिमीटरवर येणारा भार एकच, सुमारे १०० किलो. चांगली पोलादी तार याच्या दुपटीहून जास्त सोसते. तुटायची वेळ लांबी आणि स्वर ठरवतात, जाडी नाही.

तंबोरा लावणाऱ्याला हे हाताला ठाऊक असतं. काळी चार-पाच अशा उंच पट्टीत गाणाऱ्या बायकांचा तंबोरा आखूड असतो तो यासाठीच. पुरुषांच्या लांब तंबोऱ्यावर तेवढ्या वर चढवायला गेलं की तार जाते, मग ती कितीही जाड घ्या.

शिवाय जाड तार ताठ असते. तिचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, किंचित चढे निघतात आणि शेजारच्या दोन जुन्या तारांशी ती एकजीव होत नाही. पियानोत अशा सव्वादोनशेच्या आसपास तारा, सगळ्यांचा मिळून ताण १५ ते २० टन. तो पेलायला आत बिडाची चौकट असते. बॉस्टनच्या अल्फियस बॅबकॉकने अशा अखंड ओतीव चौकटीचं पेटंट १८२५ साली घेतलं.

मग निम्म्याहून कमी भारावर ती तुटली कशाने? जिथे तार टेकते, वळते किंवा खुंटीला गुंडाळलेली असते तिथे ताण एकवटतो. पावसाळी दमट हवेने त्याच ठिकाणी गंजाचे खड्डे पडतात. हातोडीच्या हजारो ठोक्यांनी खड्ड्यातून बारीक चीर पुढे सरकते, आणि एक दिवस उरलेलं पोलाद अपुरं पडतं.

मुंबईहून आलेल्या कारागिरांनी तुटलेली तार मायक्रोमीटरने मोजली. गंज नसलेल्या जागी, कारण गंजलेल्या जागी माप फसवतं. त्याच मापाची नवी तार घेतली, खुंटी दोन-तीन फेरे उलटी फिरवली, तिला तारेचे तीन नीट, एकमेकांना चिकटून बसणारे वेढे घातले आणि हळूहळू ताण चढवला. खर्जातली तांबं गुंडाळलेली तार तुटली असती तर ते आधी गाठ मारून जोड देऊन बघणार होते. तशी तार मापाने बनवून घ्यावी लागते, आणि नवी कोरी तार जुन्या जोडीदाराशेजारी जरा जास्तच चमकदार वाजते.

नवी तार महिनाभर तरी उतरत राहते. ती थोडी ताणली जाते, वळणं आणि वेढे घट्ट बसत जातात. काकूंनी तेवढ्यात तीनदा ती पट्टी वाजवून मला हाक मारली, “बघ रे, पुन्हा उतरली.” चौथ्यांदा हाक आली नाही.